एक लाइन, अकरा संगणक: प्लॅन वाढवण्याआधी बॉक्समागच्या वायरी बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोल्हापुरात करसल्लागाराचं ऑफिस, दोन खोल्या, अकरा संगणक, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा एक डीव्हीआर आणि २०० एमबीपीएसची एक फायबर लाइन. पुढच्या खोलीत कंपनीने बसवलेला फायबरचा बॉक्स, त्याच्या पोर्टमधून एक केबल मागच्या खोलीतल्या वायफाय राउटरला. मागचा प्रिंटर पुढच्या संगणकांना सापडत नाही, टॅलीचा डेटा मागून कधी उघडतो कधी नाही, आणि ११ व २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या दिवसांत, नेट रांगायला लागतं. ५०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा की दुसरं कनेक्शन, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्ही घेऊ नका. अकरा माणसांच्या ऑफिसला २०० एमबीपीएस भरपूर आहे. व्हिडिओ कॉलला साधारण तीन-चार एमबीपीएस लागतात; अकराही जण एकाच वेळी कॉलवर बसले तरी निम्मीसुद्धा लाइन भरत नाही. पोर्टलवर रिटर्न भरायला तर त्याहून कितीतरी कमी लागतं. तुमची अडचण लाइन वाटली कशी जाते त्यात आहे. त्यातही बहुतेक त्रास एकाच गोष्टीतून आलाय: तुमच्या ऑफिसात पत्ते वाटणारी यंत्रं दोन आहेत.

हे जरा उलगडून सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कंपनी तुम्हाला बाहेरचा एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कातला ओळख क्रमांक, देते. आतल्या अकरा संगणकांना मग खाजगी पत्ते लागतात. त्यासाठी १९९०च्या दशकापासून १९२.१६८, १०. आणि १७२.१६ ते १७२.३१ या मालिका राखून ठेवलेल्या आहेत. हे पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, राउटर करतो. आतल्या संगणकाची मागणी बाहेर जाताना तिच्यावर बाहेरचा पत्ता चढवतो, कोणती मागणी कोणाची याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. याला नॅट म्हणतात. एक कनेक्शन अनेकांत वाटणं म्हणजे एवढंच.

तुमच्याकडे हे काम पुढचा बॉक्स करतोच. मागचा राउटरही तेच करतोय, कारण केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाइनसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावलेली असणार. परिणामी ऑफिसात दोन वेगळी नेटवर्कं झाली. मागच्यांना राउटरमधून बाहेर पडून पुढच्यांपर्यंत पोहोचता येतं, पण पुढच्यांना मागच्या राउटरच्या आत शिरता येत नाही. म्हणून मागचा प्रिंटर पुढून सापडत नाही. टॅलीचंही तेच. डेटा पुढच्या संगणकावर आहे. मागून त्याच्या आयपी पत्त्याने गेलं तर फोल्डर उघडतं, नावाने शोधलं तर बहुधा नाही, कारण नावाने केलेली हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. बॉक्स कधी बंद-चालू झाला आणि त्या संगणकाला नवा पत्ता मिळाला की आयपीने उघडणारंही बंद. त्यात लॅपटॉप कधी पुढचं वायफाय पकडतो, कधी मागचं. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन्ही खोल्यांतल्या एकेका संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा आणि डीफॉल्ट गेटवे ही ओळ, म्हणजे तो संगणक कोणत्या राउटरमधून बाहेर पडतो त्याचा पत्ता, वाचा. एकीकडे १९२.१६८.१.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.१ असं काही दिसलं तर माझं म्हणणं तिथेच सिद्ध झालं. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राचा गेटवे एकच असला पाहिजे. कुठे १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कोणीतरी नेट गेलं असताना मोबाइलचं नेट विंडोजच्या इंटरनेट कनेक्शन शेअरिंगमधून वाटलं होतं आणि ते बंद करायचं राहिलं. ही सोय विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. राउटर महाग होते तेव्हा एका संगणकात दोन लॅन कार्डं टाकून अख्खी ऑफिसं त्यावर चालायची. आज अडीअडचणीला ती वापरा, पण तो संगणकही पत्ते वाटायला बसतो हे लक्षात ठेवा. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या संगणकाला पत्ता कोणीच दिलेला नाही: केबल, स्विचचा पोर्ट किंवा राउटर, यांपैकी काहीतरी गेलंय.

आता मांडणी कशी करायची. फायबर बॉक्स, मग एक चांगला राउटर, मग १६ पोर्टचा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच, आणि उरलेलं सगळं त्या स्विचवर: संगणक, प्रिंटर, डीव्हीआर, वायफाय. स्विच साधाच घ्या, सेटिंगवाला नको. तो पत्ते वाटत नाही, वायर वाढवण्यापलीकडे काही करत नाही, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

कंपनीला सांगून बॉक्स ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या. मग बॉक्स फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करेल आणि लॉगिन तुमचा राउटर करेल. त्यासाठी लागणारं पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड मागून लिहून ठेवा. बसवायला येणारा मुलगा ते सहसा स्वतःहून देत नाही. ऑफिसचा लँडलाइन फोन त्याच बॉक्सवर असेल तर ब्रिज केल्यावर तो चालेल का, हे आधी विचारा. कंपनी ब्रिजला नाही म्हणाली तर घाबरायचं कारण नाही. बॉक्सचं वायफाय बंद करा, त्याच्या एकाच पोर्टमधून केबल तुमच्या राउटरच्या वॅनला द्या आणि ऑफिसातलं झाडून सगळं राउटरच्या मागे घ्या. नॅट दोनदा झालं तरी रिटर्न भरायला, बँकेच्या साइटला, मेलला त्याने काही फरक पडत नाही. त्रास होतो तो अर्धं ऑफिस एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला राहिलं तर.

मागचा जुना राउटर फेकू नका. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय देण्याची सोय, असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला मोकळा पत्ता द्या आणि स्विचकडून येणारी केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता साध्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट रिकामा. त्यावर चिकटपट्टी लावली तर उत्तम, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी साफसफाई करताना केबल पुन्हा तिथे खोचतं. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनला लावलीत तर मात्र आत्तापेक्षा वाईट होईल: एकाच नेटवर्कात दोघे पत्ते वाटतील आणि रोज सकाळी कोणाला कोणता गेटवे मिळेल याचा नेम राहणार नाही.

पत्त्यांची मालिका १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ठेवू नका, कारण बॉक्ससकट बहुतेक यंत्रं कारखान्यातून त्यावरच येतात आणि टक्कर होते. १९२.१६८.१०.१ हा राउटर, २ ते ४९ कायमच्या पत्त्यांसाठी राखीव, १०० ते २०० डीएचसीपीला. टॅलीचा डेटा असलेला संगणक, दोन्ही प्रिंटर, डीव्हीआर आणि ॲक्सेस पॉइंट यांना राखीव भागातले पत्ते द्या आणि कागदावर लिहून राउटरच्या बाजूला चिकटवा. प्रिंटर बंद-चालू केल्यावर ऑफलाइन दाखवतो ही तक्रार बहुतेक ऑफिसांत एवढ्यावरच मिटते. टॅलीचा डेटा आणि प्रिंट ऑफिसच्या आतल्या आत फिरतात, इंटरनेटच्या लाइनवर त्यांचा भार नसतो. म्हणूनच नेट गेलं की टॅलीही अडकतं असं होत असेल तर आतली जोडणी चुकलीय असं समजा.

केबलवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक राउटरवर पाच हजार खर्च करतात आणि केबल बाजारात मिळेल ती सर्वांत स्वस्त ओढतात. कॅट ६ असं छापलेल्या कित्येक स्वस्त केबलींत तांबं नसतं; ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ओळखायची कशी? तारेचं टोक सोला आणि ब्लेडने हलकेच खरवडा. वरचा तांबूस थर निघून आत चंदेरी दिसली तर ती तार ॲल्युमिनियमची. दोन-तीनदा वाकवली की मोडते, जॅकमध्ये पकड सैल होते, आणि लांब अंतरावर तर भरवसाच नाही. पूर्ण तांब्याची कॅट ५ई मिळाली तरी तुमच्या ऑफिसला पुरेशी आहे. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट आरामात नेते. तांब्याचं बंडल हातात घेतलं की जडपणा लगेच कळतो.

दुसरं म्हणजे जोड्या. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार जॅकमध्ये नीट बसली नाही किंवा खुर्चीच्या चाकाखाली आली, की लिंक गिगाबिटवरून गुपचूप १०० वर उतरते. नेट चालू असतं, कोणाला काही कळत नाही. हीच केबल राउटर आणि स्विचच्या मधली असेल तर अख्ख्या ऑफिसला प्रत्यक्षात ९५ एमबीपीएसच्या वर काही मिळत नाही, प्लॅन ५०० चा असो की हजाराचा. जुन्या स्वस्त वायफाय राउटरांचे पोर्टही १०० चेच असतात. तुमचा मागचा बहुधा त्यांतलाच आहे. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. प्रत्येक संगणकावर जाऊन तो बघा. १०००/१००० नसेल तिथे आधी पॅच कॉर्ड, म्हणजे संगणकाला लावलेली छोटी तयार केबल, बदला, मग मोठ्या केबलच्या दोन्ही टोकांचे जॅक पुन्हा दाबून बसवा (क्रिम्प करा). रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. घरगुती इलेक्ट्रिशियन कधी कधी रंग ओळीने लावून मोकळा होतो. लिंक लागते, दिवा पेटतो, पण जोड्या तुटलेल्या असल्यामुळे डेटा गळत राहतो.

केबल इमारतीबाहेरून, अंगणावरून किंवा गच्चीवरून शेजारच्या गोडाउनला नेली असेल तर ती आजच काढा. इचलकरंजीच्या एका ऑफिसात अशी केबल लोखंडी तारेला बांधून अंगणावरून नेलेली होती. वळवाच्या पहिल्या विजेनंतर स्विचचे पोर्ट, दोन संगणकांची लॅन कार्डं आणि डीव्हीआर असं सगळं एकदम गेलं. वीज केबलवर थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी तांब्याच्या लांब तारेत पुरेसा दाब उठतो. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साध्या केबलला जोडणारा डबा, लावा. फायबरची केबल घेताना आत लोखंडी तार नसलेली घ्या. खर्च वाटतो त्याहून कमी येतो.

आता २० तारखेची गोष्ट. त्या दिवशी जीएसटीचं पोर्टल स्वतःच मंद असू शकतं, तेव्हा दोष कोणाचा हे आधी ठरवा. पोर्टल रांगत असताना दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती झटकन उघडली तर तुमच्या लाइनला बोल लावू नका. तीही रांगली तर ही चाचणी घ्या. कमांड प्रॉम्प्टवर पिंग ८.८.८.८ ला -टी जोडून (ping 8.8.8.8 -t) सुरू करा. बाहेर जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते यात दिसतं. शांत वेळी आकडा दहा-वीस-तीस मिलिसेकंदांच्या आसपास राहील. मग दुसऱ्या संगणकावरून गूगल ड्राइव्हवर एक मोठी फाइल चढवा. आकडा एकदम तीनशे-चारशेवर गेला तर आजार सापडला: तुमचं अपलोड तुंबतंय.

डाउनलोड मोकळं असताना अपलोड भरल्याने सगळंच का रांगतं? उतरवून घेतलेल्या डेटाची पोच सतत वर पाठवावी लागते. अपलोडची वाट भरली की पोच रांगेत अडकते, आणि पोच मिळाली नाही की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. प्लॅनवर २०० लिहिलेलं असलं तरी अपलोड किती आहे ते वेगळं विचारा. काही प्लॅनमध्ये ते डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं. आणि तुमच्या ऑफिसात अपलोड कोण खातं? डीव्हीआर, जर कोणी घरी मोबाइलवर चारही कॅमेरे उघडून ठेवत असेल तर. दुपारी चालणारा टॅलीचा ढगातला बॅकअप. आणि सर्वांत जास्त, ऑफिसच्या वायफायला जोडलेले फोन. लग्नाहून आलेल्या माणसाचे शेकडो फोटो आणि व्हिडिओ सोमवारी सकाळी ऑफिसच्या लाइनवरून चढत असतात आणि त्याला ते ठाऊकही नसतं.

यावर प्लॅन वाढवणं हा महाग आणि अर्धवट इलाज आहे, कारण वाढीव अपलोडही तसंच भरतं. राउटर असा घ्या ज्याला रांग सांभाळता येते. सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक अशी नावं दिसतील. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरांवर हे असतं आणि मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्येही आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा डाउनलोड आणि अपलोड, दोन्ही बाजूंना घाला. म्हणजे रांग कंपनीच्या बॉक्समध्ये न साचता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि राउटर छोट्या मागण्यांना मोठ्या फाइलींच्या मागे ताटकळत ठेवत नाही. वरची चाचणी पुन्हा घ्या. फाइल चढत असतानाही पिंग चाळीस-पन्नासच्या आत राहिला पाहिजे. दहा टक्के वेग सोडून द्यावा लागतो म्हणून लोक कुरकुरतात, पण ऑफिसचं काम त्या दहा टक्क्यांवर अडत नाही.

बाकी छोट्या गोष्टी आहेत. ढगातला बॅकअप रात्री आठनंतर लावा. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांकडून अपडेट घेण्याची मुभा द्या, म्हणजे एकच अपडेट अकरा वेळा बाहेरून येणार नाही. इंटरनेटवरच्या इतरांना देण्याचा पर्याय मात्र बंद. प्लॅनला डेटाची मर्यादा आहे का आणि तिचा महिना कोणत्या तारखेला सुरू होतो तेही बघा. महिना अखेरीकडे वेग कोसळत असेल तर कारण तेही असू शकतं.

वायफाय फक्त लॅपटॉप आणि फोनसाठी. जागेवरून न हलणारं प्रत्येक यंत्र केबलवर. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असलेलं चॅनल निवडा, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणा. अशिलांसाठी आणि कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी वेगळं गेस्ट वायफाय करा, त्याला वेगाची मर्यादा घाला. तुमच्या संगणकांवर लोकांचे पॅन, बँक उतारे, डिजिटल सह्या आहेत. बाहेरच्या फोनला ते नेटवर्क दिसताही कामा नये. आणि बॉक्स किंवा राउटर लॅन पोर्टवर गेस्ट वेगळं ठेवत नसेल तर मागच्या ॲक्सेस पॉइंटवर गेस्ट चालू करू नका, तिथे ते बहुधा नावापुरतं वेगळं असेल.

घरून ऑफिसच्या संगणकावर काम करायची सोय पुढेमागे तुम्हाला हवी होईल. तेव्हा कोणी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट (हा केबलचा पोर्ट नव्हे, बाहेरून आत यायच्या वाटेचा क्रमांक) राउटरवर उघडून द्यायला लागला तर त्याला थांबवा. उघडा ठेवलेला हा पोर्ट रॅन्समवेअरवाल्यांचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा, नेहमीचा दरवाजा आहे. त्यावर सतत कोणी ना कोणी पासवर्ड आपटत असतं. राउटरवर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस असा सुरक्षित खाजगी बोगदा, लावून त्यातूनच आत या. कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे, ठेवलं असेल तर बाहेरून आत येताच येत नाही. राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला तर तसं आहे असं समजा आणि गरज असेल तरच स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, मागा. शेजारच्या गाळ्याला मात्र तुमच्या लाइनवरून केबल देऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तिथून कोणी काही उद्योग केला तर पोलीस तुमच्याकडे येतील.

बॉक्स, राउटर आणि स्विच या तिघांना यूपीएसवर घ्या. संगणक यूपीएसवर आणि राउटर थेट भिंतीच्या प्लगवर, हे मला अजूनही निम्म्या ऑफिसांत दिसतं.

हे सगळं केल्यावर, ११ तारखेच्या दुपारी राउटरच्या पानावर डाउनलोडचा आलेख बघा. तो सतत २०० ला टेकलेला दिसला तर प्लॅन वाढवा. मला तसं वाटत नाही. दुसरी लाइन घ्यायची तर वेगासाठी न घेता पहिली तुटली तर हाताशी असावी म्हणून घ्या: लहान प्लॅन, वेगळी कंपनी, आणि शक्यतो वेगळ्या खांबावरून येणारी केबल, कारण रस्ता खोदताना एकाच मार्गाने आलेल्या दोन्ही एकदम जातात. त्यासाठी दोन वॅन पोर्टचा राउटर लागेल. त्यात लोड बॅलन्स न निवडता फेलओव्हर निवडा. लोड बॅलन्समध्ये एक मागणी एका लाइनने आणि दुसरी दुसरीने गेली की बँकेच्या साइटला मध्येच पत्ता बदललेला दिसतो आणि ती लॉगआउट करते. फेलओव्हरमध्ये दुसरी लाइन गप्प बसते आणि पहिली गेल्यावरच उचलते. ती खरंच उचलते की नाही हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या लाइनची केबल काढून बघत जा. २० तारखेला बघायला वेळ नसतो.